शब्दचर्चा: रातांबा, कोकम, आमसूल, सोलं, आगळ यांतलं नेमकं काय कशाला?

पाट्यावरवंटा: सोलकढीच्या एका कृतीत ‘कोकम ४ चमचे’ एवढंच लिहिलंय. आमसूल चमच्यानं कसं मोजणार? की सरबताचा पाक घ्यायचा?

सड्यावरचा: पाक नको, त्यात साखर असते. चमच्यानं मोजायला सांगितलंय म्हणजे आगळ.
रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे ताज्या लाल फळाला रातांबा म्हणतात, मालवण-गोव्याकडे भिरंड. आमसूल म्हणजे सुकवलेली साल. तीच मालवणीत सोलां. ‘कोकम’ झाडालाही म्हणतात आणि दुकानात यातल्या कशालाही, म्हणून घोळ होतो. आगळ म्हणजे खारवलेला रस. त्यात मीठ भरपूर असतं, तेव्हा कढीत वेगळं मीठ चव बघूनच घाला.
आगळ नसेल तर ८-१० आमसुलं कपभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा, गाळा, मग नारळाचं दूध घाला. हे उकळू नका, फुटतं.

कुळागर: आमसूल नुसती वाळवलेली साल नव्हे, एवढी दुरुस्ती. फळ धुऊन दोन फाका करायच्या आणि बिया गरासकट काढून त्यात मीठ घालून ठेवायचं. सुटलेल्या रसात साली रात्रभर बुडवायच्या, दिवसा कडक उन्हात टाकायच्या. असं पाच-सहा वेळा केलं की साल काळपट, मऊ आणि चांगली आंबट होते. मीठ-रस न देता वाळवली तर ती पाकळी. ती कडक असते आणि भिजायला वेळ घेते. पाकळीला आमसूल म्हणून विकणं मला तरी पटत नाही.
हंगाम एप्रिल-मेचा. पाऊस लवकर आला की पुढची ऊनं मिळत नाहीत, साल आतून ओली राहते आणि बरणीत बुरशी धरते. भांडं चिनीमातीचं किंवा स्टीलचं घ्या. अ‍ॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ या आंबटात झिजतं, रसही बिघडतो.

पाट्यावरवंटा: आगळात मीठ किती? गेल्या खेपेचं फसफसलं.

कुळागर: किलोभर रसाला १५०-१६० ग्रॅम. कमी पडलं की आंबतं. रोज एकदा कोरड्या लाकडी पळीनं ढवळा, आठवड्यानं गाळून भरा. अमृत कोकमाचंही, म्हणजे सरबताच्या पाकाचंही तेच, फक्त मिठाच्या जागी साखर, सालींच्या दुप्पट वजनाची. तिथं काटकसर केली की बरणीचं झाकण उडतं.

बांधावरून: बियांचा शब्द राहिला: मुठेल, काही ठिकाणी भिरंडेल. वाळवलेल्या बियांची टरफलं काढून गर कुटतात, पाण्यात उकळतात आणि रात्रभर निवू देतात. वर आलेलं तेल थिजतं, ते मुठीनं वळून गोळे करतात. ते साधारण ३८-४० अंशांना वितळतं, म्हणून घरात घट्ट राहतं पण चोळलं की पातळ होतं. भेगाळलेल्या टाचांना हेच लावतात.

पाट्यावरवंटा: केरळची कुडंपुळी म्हणजे आपलंच कोकम ना?

बांधावरून: नाही. गार्सिनिया प्रजातीतलीच, पण जात वेगळी. आपलं गार्सिनिया इंडिका, ती गार्सिनिया गुम्मी-गुट्टा. मँगोस्टीनही याच प्रजातीतलं. कुडंपुळीचं फळ पिवळसर, भोपळ्यासारख्या खाचांचं. साल धुरावर वाळवतात. माशाच्या कालवणाला उत्तम, सोलकढीत घातलीत तर ना गुलाबी रंग, वर धुराचा वास.

सड्यावरचा: जाता जाता, ‘नर कोकम’ हाही शब्द ऐकाल. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी. बी लावलं तर साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला फुलं येईपर्यंत पाच-सात वर्षं जातात. म्हणून मादी झाडाची मृदुकाष्ठ कलमं (कोवळ्या काडीची कलमं) लावावीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती आहेत. कलमाची काडी उभ्या वाढणाऱ्या शेंड्याची आहे का ते विचारून घ्या. आडव्या फांदीची असेल तर झाड सरळ वर न जाता जमिनीलगत पसरतं.