डॉकवर सगळे आरएफआयडी टॅग वाचले जात नाहीत, वितरकाचा हिशेबही चुकतो

तळोजा_डिस्पॅच: फरशी पुसायच्या लिक्विडचे खोके तळोज्याहून भिवंडीच्या वितरकाकडे जातात. पॅलेटवर ४ थर, थरात ४ × ३, म्हणजे ४८ खोके. प्रत्येकाला पॅसिव्ह यूएचएफ टॅग, म्हणजे बॅटरी नसलेली, रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी आरएफआयडी चिठ्ठी. डॉकचा, म्हणजे गाडी भरायच्या जागेवरचा रीडर कधी ३९ दाखवतो, कधी ४२. वर शेजारच्या डॉकचे टॅग घुसतात. पॉवर वाढवूनही फरक नाही. वितरकाला संध्याकाळी एक्सेल जाते, तिचाही मेळ बसत नाही. काय करावं?

अँटेनावाला: आधी पॉवर कमी करा, शेजारचे टॅग तीच ओढून आणते. ४ × ३ च्या थरात मधले २ खोके चारही बाजूंनी झाकलेले असतात. ४ थरांत असे ८. म्हणजे बाहेरचे ४०, आणि तुमचा आकडा त्याच्याच आसपास फिरतोय. यूएचएफ लहरी पाण्यात शोषल्या जातात, त्यामुळे लिक्विडच्या आडचा टॅग रीडरला दिसतच नाही. टॅग खोक्याच्या वरच्या कडेला, बाटल्यांच्या मानेजवळ लावा. तिथे हवा असते. डॉकवर फोटो-सेन्सर बसवा, पॅलेट समोर असेल तेवढाच वेळ रीडर चालू राहील.

कोड_१८: पण डॉकवर ४८ च्या ४८ वाचायचा हट्टच का? पॅलेट रचतानाच एकेक खोका वाचा, ते नंबर पॅलेटच्या एसएससीसीला (प्रत्येक पॅलेटचा स्वतःचा वेगळा ओळख-नंबर) जोडा, मग पॅलेटला प्लास्टिकचा रॅप गुंडाळा. डॉकवर पॅलेटचा एक टॅग पुरतो. मात्र रॅप फाडून कोणी दोन खोके काढले आणि नोंद केली नाही, तर सिस्टीम ४८ च धरून बसते. पॅलेट फोडलं की जुना नंबर बंद करून नवं लेबल काढा. यात सूट देऊ नका, सगळा हिशेब या जोडणीवर उभा आहे.

तळोजा_डिस्पॅच: एसएससीसी आहेच, एक्सेलमध्ये तोच जातो. वितरक म्हणतो, बरेच नंबर सारखेच आहेत.

कोड_१८: मग घोळ तिथेच आहे. एसएससीसी १८ अंकी आणि एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच राखते, पुढे शून्यं घालते. नेमके बदलणाऱ्या अनुक्रमांकाचे शेवटचे अंक आणि तपासणी अंक उडतात. सुरुवातीचं शून्यही जातं. नंबर भरण्याआधीच कॉलम ‘टेक्स्ट’ करा. नंतर करून गेलेले अंक परत येत नाहीत.

ट्रक_ते_पोच: आणि संध्याकाळची वाट नको, गाडी सुटतानाच पाठवा: एसएससीसी, बॅच, खोके, गाडी नंबर, ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) नंबर. वाटेत गाडी बदलली तर ई-वे बिलाच्या भाग ‘ब’मध्ये नवा नंबर भरा, वितरकालाही तेव्हाच कळवा. त्याच्याकडून पोच एसएससीसीनुसारच मागा. नुसतं ‘माल मिळाला’ लिहून आलं तर कमी आलेला खोका कुठल्या पॅलेटचा, ते शोधता येत नाही.