प्रतिसाद: ग्रुप म्हणजे नुसते गुड मॉर्निंग?

वर कोणीतरी म्हटलंय की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुड मॉर्निंगशिवाय काही नसतं. अर्धं पटतंय. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधे पण तेच होतं, मग दोन ग्रुप केले, एकात फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतो, पाणी कधी येणार, लिफ्ट बंद, एवढंच, आणि दुसऱ्यात काय ते फुलं-सुविचार-भांडणं चालू देत. आता तर २०२२ पासून कम्युनिटीज आल्यात, सगळ्या विंगचे ग्रुप एका छताखाली आणता येतात, ग्रुपात १०२४ माणसं मावतात (आमच्याकडे ऐंशीच आहेत तरी पार्किंगवरून महाभारत!).

पण मला खरा आपलेपणा वाटतो तो एम-इंडिकेटरच्या (मुंबईच्या लोकलचं वेळापत्रक दाखवणारं अ‍ॅप) चॅटवर. पावसात गाडी कुर्ल्याला अडकली की स्टेशनवरच्या अनाउन्समेंटच्या आधी तिथे कळतं, कोण कुठली अनोळखी माणसं "मी विद्याविहारला उभाय, हलत नाहीये" असं लिहितात आणि आपण ऑफिसातून अर्धा तास उशिरा निघतो. चेष्टामस्करी पण खूप चालते म्हणा, आणि एखादा उगाच घाबरवतो, तेव्हा दोन-तीन जणांनी तेच लिहिलं तरच मी विश्वास ठेवते.

आमच्या सासूबाईंना टाइप जमत नाही, त्या व्हॉइस मेसेज टाकतात. खालच्या काकूंना कोथिंबीर आणायला सांगायची असली तरी ग्रुपवरच, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातं.