दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी अर्धी करावी का?

निफेडिपिन या रक्तदाब कमी करणाऱ्या औषधाची दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी गिळायला मोठी वाटते म्हणून अर्धी करून किंवा कुटून घ्यावी, असे काही जण सुचवतात. तसे कृपया कोणीही करू नये. या प्रकारच्या काही गोळ्यांवर पाणी आत शिरू देणारे, पण स्वतः न विरघळणारे कवच असते आणि त्याला लेसरने पाडलेले एक सूक्ष्म छिद्र असते. आत शिरलेल्या पाण्याने गोळीतील एक थर फुगतो आणि औषध त्या छिद्रातून सुमारे 24 तास हळूहळू बाहेर ढकलले जाते. कवच फोडले, की दिवसभराची मात्रा एकदम रक्तात उतरून रक्तदाब झपाट्याने घसरू शकतो व हृदयाचे ठोके वाढतात, आणि ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांच्यासाठी हे विशेष धोक्याचे ठरते. शौचातून गोळीसारखे काही पडलेले दिसले, की काहींना काळजी वाटते. ते बहुधा हेच रिकामे कवच असावे, औषध वाया गेलेले नसते.

गिळणे खरोखरच कठीण जात असेल, तर ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्याच दुसऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारावे. ते मुळातच शरीरात बराच काळ टिकते, त्यामुळे त्याला अशा रचनेची गरज पडत नाही.

घोट्यांवरची सूज मात्र दोन्ही औषधांनी येऊ शकते. ती लहान धमन्या रुंदावल्याने येते, म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ती फारशी उतरत नाही. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलावे.