मदत हवी आहे: पावसाळ्यात सामुदायिक कंपोस्ट हौदाला वास येतो, सुका पाला पुरत नाही

नमस्कार.

पुण्यात आमच्या वसाहतीलगतच्या बागेच्या एका कोपऱ्यात परिसरातील सुमारे साठ घरांचा ओला कचरा जिरवला जातो आणि त्या कामात मी स्वयंसेवक म्हणून सहभागी असते. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत येथे विशेष अडचण येत नाही, परंतु आषाढ लागला की सगळे गणित बिघडते. घरच्या बादलीत किंवा गच्चीवर खत करणाऱ्यांचे सल्ले भरपूर मिळतात. मला मात्र रोज तीस-पस्तीस किलो ओला कचरा सामूहिकरीत्या हाताळणाऱ्यांचा, आणि शक्यतो जोराच्या पावसातला, अनुभव हवा आहे.

आमच्याकडे विटांचे तीन जाळीदार हौद आहेत. त्यांचे बांधकाम पुसदच्या पांढरीपांडे यांनी विकसित केलेल्या नाडेप या खतनिर्मितीच्या पद्धतीनुसार, म्हणजे साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे आहे. मूळ पद्धतीत असा हौद पालापाचोळा, शेणकाला आणि माती यांच्या थरांनी एक-दोन दिवसांतच भरतात, वरून शेणमातीने लिंपतात आणि पुढचे तीन-चार महिने ढीग वरखाली करत नाहीत. ही रचना शेतासाठी उत्तम आहे, कारण तेथे काडीकचरा एकदम उपलब्ध होतो. आमच्या हौदात मात्र रोज सकाळी बादल्या रिकाम्या होतात, त्यावर पाला पसरला जातो, विरजण म्हणून जुने खत किंवा आंबट ताक शिंपडले जाते, आणि एक हौद भरायला महिना-दीड महिना लागतो. त्यामुळे तो तेवढा काळ उघडाच राहतो. वर पत्र्याचे छप्पर आहे, पण वाऱ्याबरोबर आलेला पाऊस जाळीतून आत शिरतो.

स्वयंपाकघरातील कचऱ्यात मुळातच सत्तर-ऐंशी टक्के पाणी असते, तर कुजण्याची क्रिया नीट चालण्यासाठी ढिगातला ओलावा पन्नास ते साठ टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचे प्रमाणही पंचवीस-तीसास एक असे राखायचे, तर ओल्या कचऱ्याच्या एका बादलीमागे सुक्या पाल्याच्या दोन-तीन बादल्या लागतात. आमच्याकडची मोठी पानगळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. त्या वेळी भरून ठेवलेली पोती जुलैच्या मध्यावर संपत येतात, आणि जी उरतात त्यांतला पाला दमट होऊन गोळे झालेला असतो. परिणामी ढिगातला मूठभर माल दाबला की दोन-चार थेंबांऐवजी पाण्याची धार लागते आणि हौदाच्या तळातून काळपट पाणी झिरपते. वास अमोनियाचा नाही, सडक्या अंड्यासारखा आहे. म्हणजे नत्र वाढण्यापेक्षा आत हवाच पोहोचत नसावी, असा माझा तर्क आहे.

शेजारच्या इमारतीतील रहिवाशांनी वास आणि अळ्या अशा दोन्हींबद्दल तक्रार केली आहे. वासाची तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते. अळ्या मात्र काळ्या सैनिक माशीच्या (ब्लॅक सोल्जर फ्लाय) आहेत, घरमाशीच्या नव्हेत. त्या कचरा झपाट्याने फस्त करतात, पण वाढ पूर्ण झाली की कोरडी जागा शोधत हौदाबाहेर येतात आणि नेमक्या जिन्याकडे जाणाऱ्या वाटेवर दिसतात. ही माशी अन्नावर बसत नाही, हे सांगून समोरच्याची किळस कमी होत नाही. त्या बाहेर पडूच नयेत, यासाठी हौदाभोवती राखेचा पट्टा किंवा उतरता पत्रा असा काही उपाय कोणी यशस्वीपणे केला आहे का?

पाल्याला पर्याय म्हणून आम्ही बरेच काही विचारात घेतले आहे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) महाग पडते आणि ते स्वतःच पाणी धरून ठेवते. सुतारकामाचा बारीक भुसा दबून घट्ट बसतो, शिवाय तो प्लायवूडचा असल्यास त्यात डिंकाची रसायने असतात. भाताचे तूस हवा खेळती ठेवते, परंतु ते फार सावकाश कुजते. माझा कल रसवंतीच्या चिपाडांकडे आहे. उन्हाळ्यात ती मुबलक मिळतात आणि वाळवून तुकडे करून ठेवली तर पावसाळ्याची बेगमी होऊ शकेल. मात्र त्यांत उरलेल्या साखरेमुळे मुंग्या आणि उंदीर येतील, अशी शंका एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी काढली आहे. ज्यांनी चिपाडे साठवली असतील, त्यांनी ती किती वाळवली आणि कशात ठेवली, हे कृपया सविस्तर लिहावे.

दुसरा प्रश्न माणसांचा आहे. चाळलेले खत वाटायच्या दिवशी गर्दी होते (ती व्हावीच, खत त्यांच्याच कचऱ्याचे असते), पण भर पावसात पंजाने ढीग वरखाली करायला तीन-चार जणच उरतात आणि त्यांतले दोघे सत्तरीच्या पुढचे आहेत. उलथापालथीच्या जड कामासाठी कचरा वेचणाऱ्या ताईंपैकी कोणाला नियमित मोबदला देऊन बोलवावे आणि त्यासाठी प्रत्येक घराकडून मासिक वर्गणी घ्यावी, असे माझे मत आहे. वर्गणी घेतली की लोक कचरा वेगळा करण्याची जबाबदारीही झटकतील, असा काही सदस्यांचा आक्षेप आहे. घरातच वर्गीकरण करणे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंधनकारक केले, तरी आमच्या बादल्यांत आजही दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे सापडतात, त्यामुळे हा आक्षेप मला उडवून लावता येत नाही. वर्गणी सुरू केल्यावर आपल्याकडे वर्गीकरण सुधारले की ढासळले?

गणेशोत्सवात हार आणि दूर्वा यांचे निर्माल्य एकदम येते, तेव्हा निर्णय त्याआधी घ्यावा लागेल. एक हौद रिकामा करून तो केवळ निर्माल्यासाठी राखून ठेवावा आणि मूळ नाडेप पद्धतीप्रमाणे एकदम भरून लिंपून टाकावा, असा विचार आहे. त्यासाठी लागणारे शेण शहरात कोठून आणि कसे मिळवले, आणि लिंपलेला थर पावसाळी हवेत टिकला का, हे पुणे, कोल्हापूर किंवा कोकणातील कोणी सांगू शकल्यास फार मदत होईल.