सत्तरीनंतरचे आयुष्मान कार्ड : खिशातून किती जाते?

प्रश्न : सासूबाईंचे वय ७४ असून त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड (सत्तरी पार केलेल्यांसाठी सरकारी मोफत रुग्णालय-उपचार योजनेचे कार्ड) नुकतेच निघाले आहे. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. वर्षाला ५ लाखांचे संरक्षण असताना आम्हाला नेमका कोणता खर्च करावा लागेल?

उत्तर १ : ताई, बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजच्या गोळ्या या योजनेत येत नाहीत, त्यामुळे दरमहाचा औषधखर्च आहे तसाच राहील, जनऔषधी केंद्रातून घेतल्यास तो कमी होतो. दाखल झाल्यास मात्र योजनेशी संलग्न रुग्णालयात पैसे भरावे लागत नाहीत, आणि दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस व घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या-औषधेही त्यातच धरलेली असतात. नेमके हेच १५ दिवस अनेकांच्या लक्षात राहत नाहीत.

उत्तर २ : वडिलांच्या मोतीबिंदूच्या वेळी ‘चांगल्या लेन्ससाठी’ वेगळे पैसे मागण्यात आले, आम्ही पावती मागताच विषय मिटला. अशी मागणी झाल्यास योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर तक्रार करावी.

उत्तर ३ : खासगी विमा असल्यास तो बंद करू नये, असे माझे मत आहे, दोन्ही एकत्र चालतात, आणि जवळचे रुग्णालय योजनेच्या यादीत असेलच असे नाही.