मदत हवी आहे: थंडीत वेलिस इलेक्ट्रो प्रत्यक्षात किती वेळ उडतं?
जर्मनीतला आमचा छोटा फ्लाइंग क्लब शिकाऊ वैमानिकांसाठी पिपिस्ट्रेल कंपनीचं वेलिस इलेक्ट्रो हे बॅटरीवर उडणारं दोन आसनी विमान घ्यायच्या विचारात आहे. २०२० पासून युरोपात प्रमाणित, आवाज अगदी कमी. मला तर मनापासून हवंय. कंपनी राखीव वेळ सोडून ५० मिनिटांपर्यंत सांगते. पण पेलोड (माणसं आणि सामान मिळून नेता येणारं वजन) १७२ किलो, म्हणजे दोन धिप्पाड माणसं बसली की संपलं. शिवाय पेट्रोलसारखं बॅटरीचं वजन उडताना घटत नाही.

मॅन्युअल वाचलं, विक्रेत्याशी बोललो. हिवाळ्याबद्दल ठोस उत्तर नाही. फक्त धावपट्टीभोवती सर्किटं (उड्डाण, एक फेरी आणि परत उतरणं) मारायची आहेत. लांबच्या उड्डाणांना पेट्रोलचं विमान आहे, म्हणून हायब्रिड नको. चार्जरची सोय होईल.

ज्यांनी हे विमान शून्य अंशाच्या आसपास, जुन्या बॅटरीवर नियमित उडवलंय, त्यांनी कृपया सांगा: राखीव चार्ज ठेवून सलग किती सर्किटं होतात, आणि पुढच्या विद्यार्थ्याला चार्जिंगसाठी किती थांबावं लागतं?