पोटाची तक्रार आणि मनाची धास्ती: डॉक्टरांकडे केव्हा गेलात? (अनुभव धागा)

सोलापुरात पोटाच्या तक्रारीची कारणे हुडकायला लांब जावे लागत नाही. काही दिवसांच्या अंतराने येणारे आणि टाकीत साठवलेले पाणी, शेंगदाण्याच्या चटणीवर सढळ हाताने घेतलेले तेल, 42 अंशांच्या पुढे जाणारा उन्हाळा, यांपैकी एकावर खापर फोडून बहुतेक जण मोकळे होतात. दुसरीकडे, ढेकर जरा आंबट आला तरी ज्यांची झोप उडते अशीही माणसे आपल्या घराघरांत आहेत. दोन्ही प्रकारच्या मंडळींनी येथे लिहावे, ही विनंती आहे. तक्रार काय होती, भीती कशाची वाटली आणि दवाखान्यात जायचे हे नेमके कशावरून ठरले, एवढे सांगावे. औषधांची नावे आणि मात्रा मात्र कोणी सुचवू नयेत.

बँक कर्मचारी, जुळे सोलापूर

आमच्या शेजारच्या काकांना जठराचा कर्करोग झाला आणि काही महिन्यांतच ते गेले. त्यानंतर माझे पोट फुगू लागले, शौचाला कधी पातळ तर कधी घट्ट होऊ लागले आणि पाहता पाहता मला दुसरे काही सुचेनासे झाले. सकाळी आरशासमोर जीभ पाहायची, वजनकाट्यावर उभे राहायचे, रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर लक्षणे शोधायची, असा क्रमच पडून गेला. बरगडीखालचा भाग मी इतक्या वेळा दाबून पाहत असे, की दाबण्यानेच तो दुखू लागला आणि त्या दुखण्यालाही मी गाठ ठरवले.

सोनोग्राफीत यकृतावर थोडी चरबी असल्याचे निघाले. डॉक्टरांनी ते किरकोळ म्हणून सांगितले, मला मात्र काळजीला नवे निमित्त मिळाले. पुढे एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर पाहण्याची तपासणी, झाली. घशात कडवट फवारा मारल्यावर स्वतःची थुंकी गिळल्याचेही कळत नाही, ही त्या तपासणीची सर्वांत विचित्र आठवण आहे. तपासणी संपायला फार वेळ लागला नाही आणि अहवाल निर्दोष आला. त्या निर्दोष अहवालाने आलेला धीर पुढच्या आठवड्यातच ओसरला, कारण ‘जठर ठीक आहे, पण मोठ्या आतड्याचे काय?’ हा प्रश्न मनात येऊन बसला होता.

नंतर ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी नवी तपासणी लिहून देण्याआधी बराच वेळ प्रश्न विचारले. दुखण्याने झोपेतून जाग येते का, वजन न ठरवता उतरले आहे का, शौचात रक्त आहे का, हिमोग्लोबिन कमी आहे का, घरात कोणाला आतड्याचा आजार होता का? सगळ्यांची उत्तरे नकारार्थी होती. मार्चअखेरीस त्रास वाढतो आणि सुट्टीत मुलांना घेऊन गावी गेलो की तो जवळजवळ नाहीसा होतो, हे त्यांनीच माझ्याकडून वदवून घेतले. त्यांनी ‘आयबीएस’ (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कामातील बिघाड) असे निदान केले. हा केवळ ‘काही सापडले नाही’ म्हणून लावायचा शिक्का नाही, त्याला 2016 साली ठरलेले निकष आहेत, हे मला तेव्हा कळले: गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटात दुखणे आणि त्या दुखण्याचा शौचाशी किंवा त्यातील बदलाशी संबंध असणे. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतंत्र जाळे असते आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालते, त्यामुळे काळजीने पोट बिघडते आणि बिघडलेले पोट काळजी वाढवते. त्रास खरा होता, हे ऐकूनच मला निम्मे हलके वाटले.

विडी कामगाराची मुलगी, अक्कलकोट रोड

वरील अनुभवाच्या अगदी उलट आमच्या घरी घडले. माझ्या आईला कशाचीच धास्ती वाटत नसे. सूप मांडीवर घेऊन वाकून बसायचे, हजार विड्यांमागे मजुरी मिळायची, त्यामुळे पाठ आणि गुडघे दुखले की मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून ती पुन्हा कामाला लागत असे. पोटात जळजळ झाली तर त्यावर आणखी एक गोळी. दम लागतो, चक्कर येते, हे ती उन्हावर ढकलत राहिली.

एकदा तिने सहज सांगितले, की शौचाला डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे होते. ती त्या वेळी लोहाच्या गोळ्याही घेत होती आणि त्यांनी शौचाचा रंग काळपट होतो, हे मला माहीत होते. परंतु चिकटपणा आणि तो वास गोळ्यांचा वाटेना, म्हणून त्याच दिवशी मी तिला सिव्हिलला नेले. हिमोग्लोबिन बरेच खाली गेले होते. जठरात व्रण (अल्सर) होता, त्यातून रक्त झिरपत होते आणि तेच आतड्यांतून उतरताना काळे पडत होते. वेदनाशामक गोळ्या हे एक कारण आणि जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू हे दुसरे. या जंतूचा अल्सरशी असलेला संबंध दाखवणाऱ्या दोघा ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना 2005 साली नोबेल मिळाले. आमच्याकडे मात्र अल्सर म्हटले की आजही तिखटालाच बोल लावला जातो. चौदा दिवसांची प्रतिजैविके पूर्ण करून घेणे हेच खरे जिकिरीचे होते, कारण तोंड कडू झाले म्हणून ती मधूनच सोडायला निघाली होती.

यंत्रमाग कारखान्यातील जॉबर, एमआयडीसी

मेहुण्यांना जेवल्यावर छातीखाली दाब आला, घाम सुटला, ‘गॅस झाला’ म्हणून त्यांनी सोडा मागवला. त्यांना मधुमेह आहे, एवढ्यावरून मी हट्टाने ईसीजी काढायला लावला. तो हृदयविकाराचा झटका होता. घामासह आलेली ‘ॲसिडिटी’, विशेषतः मधुमेह असलेल्या माणसाची, घरी बसून पाहत राहू नये.

निवृत्त मुख्याध्यापिका, विजापूर रोड

जुळे सोलापूरच्या भावांनी घरातील आजारांचा प्रश्न लिहिला आहे, त्यावर माझा अनुभव जोडते. माझ्या धाकट्या बहिणीला शौचातून रक्त जात असे आणि ती मूळव्याध समजून चूर्णे घेत राहिली. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले. सख्ख्या भावंडाला किंवा आईवडिलांना हा आजार झाला असेल, तर वयाच्या चाळिशीपासून किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधीपासून, यांपैकी जे आधी येईल तेव्हापासून, तक्रार नसतानाही तपासणी करून घ्यावी, असे तेथे आम्हा भावंडांना सांगण्यात आले. माझे वय त्याहून कितीतरी पुढे होते.

कोलोनोस्कोपीपेक्षा (गुदद्वारातून नळी घालून मोठे आतडे पाहण्याच्या तपासणीपेक्षा) आदल्या रात्रीचे ते पोट साफ करणारे खारट औषधी पाणी पिणे अवघड जाते, हे मी कोणालाही सांगेन. तपासणीत एक छोटा पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला कोंब) निघाला, तो त्याच वेळी काढला गेला. मला तक्रार कोणतीच नव्हती, त्यामुळे पोटाच्या सांगण्याची वाट पाहिली असती तर तो तेथेच राहिला असता.

कुटुंबवैद्य, साखर पेठ

रुग्ण किती घाबरला आहे, यावरून आजाराचे गांभीर्य ठरत नाही, हे वरील अनुभवांतून दिसतेच. गिळताना घास अडकणे, सतत उलट्या, कावीळ, हाताला लागणारी गाठ, रक्त किंवा काळे शौच, कारणाशिवाय उतरणारे वजन, पंचेचाळिशीनंतर प्रथमच बदललेली शौचाची सवय, यांपैकी काही असेल तर भीती वाटो वा न वाटो, तपासणी लांबवू नये. आपल्याकडे आणखी एक गोष्ट विचारावी लागते: पोटदुखीसोबत संध्याकाळचा बारीक ताप येतो का? परदेशी माहिती वाचून आलेल्या रुग्णाला कर्करोगाची भीती असते, आतड्याच्या क्षयाची नसते; हा क्षय मात्र येथे भेटतो आणि औषधांनी बरा होतो.

यांपैकी काही नसताना जो वारंवार तपासण्या मागतो, त्याला मी नाकारत नाही, परंतु एकच डॉक्टर आणि ठरलेली तारीख यावर अडून राहतो. निर्दोष अहवालाने शांतता टिकत नसेल, तर त्या धास्तीवरही उपचार आहेत. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

गृहिणी, बाळे

आमच्या ह्यांना हीच सवय होती. ‘पोट कडक लागते का बघ’, असे ते दिवसातून कितीदा विचारत आणि मी हात लावून ‘काही नाही’ म्हणत असे. समुपदेशकांनी मला ते उत्तर देणे थांबवायला सांगितले, कारण प्रत्येक दिलाशानंतर पुढचा दिलासा लवकर लागतो. सुरुवातीला घरात अबोला झाला, हे कबूल करते. आता धोक्याच्या खुणांचा कागद फ्रिजवर लावला आहे. त्यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना, नाहीतर तक्रार वहीत लिहायची आणि ती वही महिन्याच्या भेटीला सोबत न्यायची, असे आमचे ठरले आहे. सासूबाई अजूनही मधूनच हिंग-ओवा पुढे करतात, त्याला डॉक्टरांची हरकत नाही.